शर्यतीचा मार्ग आणि आपला रस्ता

(सोलापूर शहरातील नवी पेठ येथे रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता सुरक्षेवरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची एक ठराविक अपेक्षा असते. वक्ता अपघातांचे आकडे सांगणार, हेल्मेट वापरा म्हणणार आणि वाहने सावकाश चालवा असा उपदेश करून खाली बसणार. यांपैकी काही मीही करणार आहे, कारण ते माझे कर्तव्यच आहे. परंतु आज आरंभ मात्र वेगळ्या विषयाने करावयाचा आहे. ज्या तरुणांना आपण हा उपदेश करतो, ते गेली काही वर्षे एका गोष्टीची मोठ्या उत्सुकतेने वाट पाहत आहेत. ती गोष्ट म्हणजे मोटारी व मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी आपल्या महाराष्ट्रात बांधला जाणारा स्वतंत्र मार्ग. तरुणांच्या भाषेत सांगावयाचे तर ‘ट्रॅक’.

ही उत्सुकता मला प्रथम कळली ती याच नवी पेठेच्या मागील एका गल्लीत. तेथे दुचाकी दुरुस्तीचे एक लहानसे गॅरेज आहे. माझी स्कूटर तेथेच दुरुस्तीला जाते. तेथील कारागीर बावीस-तेवीस वर्षांचा तरुण आहे. एका वर्षी मी रस्ता सुरक्षेचे पत्रक तयार केले होते आणि त्यावर ‘वेग हा आपला शत्रू’ असे ठळक अक्षरांत छापून घेतले होते. ते पत्रक त्याने दुकानात लावले होते. मी समाधानाने त्याकडे पाहत असता तो म्हणाला, “साहेब, एक विचारू का? वेग शत्रू असेल, तर शर्यत जिंकणाऱ्याच्या गळ्यात तुम्ही हार का घालता?”

मित्रहो, मला तत्काळ उत्तर देता आले नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. शब्दांची जुळणी करणे हा माझा व्यवसाय. पण माझ्याच शब्दांतील उणीव त्या कारागिराने अचूक दाखविली होती. आजचे माझे भाषण हे त्याच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

वेगाची ओढ जुनीच आहे

वेगाची हौस मोटारीबरोबर आली असे मानण्याचे कारण नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या बंद झाल्या. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, नियमांच्या चौकटीत या शर्यती होतात. या साऱ्या प्रवासातून एक बोध मिळतो. लोकांच्या अंगी मुरलेली हौस केवळ मनाई करून नाहीशी होत नाही. तिला जागा, नियम आणि जबाबदार माणूस नेमून द्यावा लागतो.

मोटारीच्या बाबतीतही जगात हेच घडले. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा घातली. मोटारी बनविणाऱ्यांना वेगाची कसोटी घ्यावयाची होती, पण रस्त्यावर ती घेता येईना. तेव्हा ह्यू लॉक किंग या गृहस्थाने आपल्या मालकीच्या जमिनीवर, स्वखर्चाने, ब्रुकलँड्स येथे १९०७ साली खास शर्यतींचा मार्ग बांधला. केवळ मोटारशर्यतीसाठी बांधलेला जगातील हा पहिला मार्ग मानला जातो. त्याचा जन्म रस्त्यावरील वेगमर्यादेतून झाला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. रस्त्यावरील बंधन आणि शर्यतीचे स्वातंत्र्य ही परस्परांची वैरी नाहीत. एकामुळेच दुसरे अस्तित्वात आले.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात १९०४-०५ च्या सुमारासच दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची कसोटी-फेरी झाली होती. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनची स्थापना १९१९ साली झाली. तथापि शर्यतींचे खरे केंद्र बनले ते मद्रास. तेथील मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला आणि शहराजवळील शोलावरम येथील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानधावपट्टीवर शर्यती भरू लागल्या. पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे क्लबने स्वतःचा कायमचा मार्ग उभारला. तो १९९० पासून वापरात आहे. कोइमतूरनजीक २००३ साली कारी मोटर स्पीडवे तयार झाला. देशी बनावटीच्या शर्यतमोटारी घडविणारे एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे. त्यानंतर २०११ साली ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि भारताचे नाव जगाच्या नकाशावर आले.

या सर्व यादीत महाराष्ट्र कोठे आहे? वाहननिर्मितीत पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ही नावे देशभर घेतली जातात. वाहनांच्या चाचण्या घेणारी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून कार्य करीत आहे. अहिल्यानगर येथे संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेचे चाचणीमार्ग आहेत. पण ते संशोधनासाठी. हौशी तरुणाला तेथे प्रवेश नाही. कोल्हापुरात मात्र खाजगी प्रयत्नाने गो-कार्टिंगचा मार्ग उभा राहिला आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही तेथे झाल्या. परंतु कार्ट हे लहान वाहन. मोठ्या मोटारी आणि मोटारसायकली यांच्यासाठी महाराष्ट्रातील स्पर्धकाला आजवर मद्रासची किंवा कोइमतूरची वाट धरावी लागली आहे. पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ साली राष्ट्रीय मोटारशर्यतीचे अजिंक्यपद मिळविले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचा हा पराक्रम गाजला तो चेन्नईच्या मार्गावर. मुंबईच्या जेहान दारुवाला यांनी २०२० साली फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली ती तर दूर बहारीनमध्ये.

म्हणूनच पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाड्याच्या परिसरात नाणोली येथे शर्यतमार्ग उभारण्याची योजना खाजगी प्रवर्तकांनी जाहीर केली, तेव्हा वाहनशौकिनांत केवढा आनंद पसरला हे समजू शकते. सोलापूरपासून चेन्नई आठ-नऊशे किलोमीटर दूर. पुण्याकडचा परिसर त्यामानाने अंगणातला. सकाळी निघावे आणि रात्री घरी यावे असा. गॅरेजमधला तो तरुण माझी स्कूटर परत देताना हिशेब सांगतो आणि लगेच विचारतो, “साहेब, त्या ट्रॅकचं काही कळलं का?” मी माहिती खात्यात आहे, म्हणजे मला सगळे ठाऊक असणार, अशी त्याची समजूत आहे.

मार्ग म्हणजे केवळ डांबर नव्हे

शर्यतीचा मार्ग म्हणजे रुंद, गुळगुळीत रस्ता, अशी आपल्यापैकी अनेकांची कल्पना असेल. वस्तुतः त्या मार्गाचा महत्त्वाचा भाग डांबराच्या बाहेर असतो. वळणावर वाहन सुटले तर ते कशालाही न धडकता थांबावे म्हणून मोकळी जागा सोडलेली असते. काही ठिकाणी वाळू-खडीचे पट्टे असतात. त्यांत चाके रुतून वेग गळतो. त्यापलीकडे टायरांच्या भिंती असतात. सारी वाहने एकाच दिशेने धावतात. समोरून कोणी येत नाही, बाजूच्या गल्लीतून कोणी निघत नाही, गाय बसलेली नसते आणि मूल चेंडूमागे धावत नाही.

मार्गाच्या कडेला ठराविक अंतरावर ‘मार्शल’ म्हणजे निशाणे घेतलेले प्रशिक्षित स्वयंसेवक उभे असतात. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे, कोणाला ओलांडू नये. तांबडे दिसले की शर्यत थांबली. निळे दाखविले की मागून अधिक वेगवान वाहन येत आहे. ही आज्ञा न पाळणाऱ्याला दंड होतो, प्रसंगी बाद केले जाते. शर्यतीपूर्वी प्रत्येक वाहनाची तपासणी होते. चालकापाशी परवाना, हेल्मेट व आगरोधक पोशाख असावाच लागतो. डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही.

ही दक्षता सहजासहजी आलेली नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मॅन्स येथील शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. स्वित्झर्लंडने तर त्यानंतर मोटारशर्यतींवर बंदीच घातली. आज ज्या मार्गांना आपण सुरक्षित म्हणतो, त्यांचे नियम अशा प्रसंगांतून शिकून लिहिले गेले आहेत. तरीही धोका पूर्णपणे नाहीसा होत नाही. तो पत्करणाराच तो पत्करतो, वाटेने जाणारा त्रयस्थ नव्हे, एवढाच फरक पडतो. परंतु हा फरक फार मोठा आहे.

आपला रस्ता कसा आहे?

आता सोलापूरचा रस्ता डोळ्यांपुढे आणू या. पुणे-हैदराबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. धुळ्याकडून येणारा आणि विजयपुराकडे जाणारा महामार्गही येथेच भेटतो. गाळपाच्या हंगामात कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच रस्त्यांवर असतात. आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट चालणारे वारकरी असतात. पहाटे शेतावर निघालेली बाई आणि संध्याकाळी शाळेतून परतणारी मुले असतात. या सर्वांचा हा रस्ता आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते; ताशी १०० किलोमीटर वेगाचे २८ मीटर. डोळ्यांनी धोका पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एवढे अंतर सरलेलेच असते. ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर तर वेग दुप्पट झाला असता दुप्पट न राहता चौपट होते. शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. विद्यार्थ्यांना उपदेशापेक्षा गणित लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्र शासनाच्या अहवालानुसार त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण होते आणि मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. २०२३ साली मृतांचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला.

आकडे सांगणे हे माझे काम आहे आणि म्हणूनच आकड्यांविषयी एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी अपघातांच्या तक्त्यावरून मी टिपण तयार करीत होतो. त्यात एक ओळ होती : मृत एक, वय वीस, वाहन मोटारसायकल, कारण अतिवेग. मी ती ओळ एकूण संख्येत मिळविली आणि पुढे गेलो. त्या ओळीची हकिकत मला पुढे गॅरेजमध्ये कळली. बाह्यवळण रस्त्यावर रात्री दोन मित्रांनी पैज लावली होती. पुढे रस्त्याच्या कडेला आस तुटलेली उसाची ट्रॉली उभी होती. तिला ना दिवा, ना मागे चमकणारी पट्टी. पुढचा मित्र तिच्यावर आदळला. मागचा वेळेत थांबू शकला. तो मागचा म्हणजे माझी स्कूटर दुरुस्त करणारा हा तरुण.

त्याने हे सांगितले तेव्हा तो चाकाचे नट आवळीत होता. मान वर न करता एवढेच म्हणाला, “पैज मीच लावली होती, साहेब.” त्या रात्रीनंतर तो रस्त्यावर कधी शर्यत खेळला नाही. पण त्याची वेगाची ओढ गेली नाही, आणि ती गेली नाही म्हणून त्याला अपराधीही वाटते. नव्या मार्गाची तो एवढी वाट का पाहतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा वाहनमालक यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या वडिलांना ही कलमे गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावीत, अशी माझी पंचायत सदस्यांना विनंती आहे.

उत्साहाबरोबर विवेकही हवा

मार्ग झाला की सारे प्रश्न सुटले, असे मात्र कोणी समजू नये. ग्रेटर नोएडाचेच उदाहरण घ्या. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि मग करांच्या वादात ती बंद पडली. मोटारशर्यत हा खेळ की करमणूक, हा प्रश्न आधी सोडवावयास हवा होता. तो नंतर न्यायालयात गेला. आपल्या शेजारी हैदराबादेत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. तेथे नातीगोती असलेल्या सोलापूरकरांनी तिची वर्णने रंगवून सांगितली. पण २०२४ ची फेरी रद्द झाली. एका दिवसाचा थाट करणे सोपे, वर्षानुवर्षे मार्ग चालविणे कठीण, हा त्यातील धडा आहे.

ज्या गावाच्या शिवारात असा मार्ग येतो, तेथील पंचायतीने काही प्रश्न वेळीच विचारले पाहिजेत. जमीन कोणत्या अटीवर घेतली जाणार? ओढ्यानाल्यांचे पाणी कोठून वळविणार? आवाजाची वेळ व मर्यादा काय? गावातील किती मुलांना काम मिळणार? शर्यतीच्या दिवशी गावच्या रस्त्यावरील गर्दीचे नियोजन कोण करणार? प्रश्न विचारणे म्हणजे विरोध करणे नव्हे. उलट, प्रश्नांची उत्तरे मिळालेली योजनाच टिकते.

आणि सर्वांत अवघड प्रश्न त्या तरुणाने विचारला : “ट्रॅक झाला, तरी तो माझ्यासारख्याला परवडेल का?” शर्यतीची मोटारसायकल, टायर, पोशाख, प्रवेशशुल्क, सारेच महाग. हे मी नाकारू शकलो नाही. पण शर्यतीला केवळ चालक लागत नाहीत, कुशल कारागीर लागतात, तपासनीस लागतात, मार्शल लागतात. ज्याच्या हाताला यंत्राची जाण आहे, त्याला तेथे मानाचे स्थान मिळू शकते. मार्ग बांधणाऱ्यांनी आणि क्रीडासंस्थांनी अशा मुलांसाठी सवलतीचे दिवस व प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवाव्यात, असा आग्रह आपण धरला पाहिजे. अन्यथा ज्यांना या मार्गाची सर्वाधिक गरज आहे, तेच कुंपणाबाहेर राहतील आणि रात्री पुन्हा बाह्यवळण रस्त्यावर जातील.

तोपर्यंत आपण काय करावे?

मार्ग कधी होईल हे आपल्या हाती नाही. पण काही गोष्टी निश्चित आपल्या हाती आहेत. गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या गावातील प्रत्येक ट्रॉलीला व गाडीला मागे चमकणाऱ्या पट्ट्या लागल्या की नाहीत, हे पंचायतीने पाहावे. बंद पडलेली ट्रॉली रात्रभर अंधारात उभी राहणार नाही, याची जबाबदारी कोणावर तरी नेमून द्यावी. त्या वीस वर्षांच्या मुलाच्या मृत्यूला वेग कारण होता हे खरे. न लावलेली पट्टीही तितकीच कारण होती. पण तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

शाळा व महाविद्यालयांनी वेगाची हौस असलेली मुले ओळखावीत आणि त्यांना टवाळ ठरवू नये. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः वाहन बांधून ‘बाहा’सारख्या स्पर्धांत उतरतात. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे ही स्पर्धा २००७ साली सुरू झाली. वाहन तोडण्यापेक्षा बांधण्याचा आनंद मोठा आहे, हे अशा उपक्रमांतून मुलांना उमगते. मोकळ्या मैदानावर, रीतसर परवानगी घेऊन, मान्यताप्राप्त क्रीडासंघटनेच्या देखरेखीखाली कौशल्याच्या लहान स्पर्धाही भरविता येतील. तेथे वेगापेक्षा वळणावरचा ताबा मोजला जातो.

मित्रहो, माझ्या पत्रकावरील वाक्य मी बदलले आहे. नव्या पत्रकावर ‘वेगाची जागा रस्त्यावर नाही’ असे छापले आहे. ते आधी मी गॅरेजमध्ये नेऊन दाखविले. त्याने वाचले आणि म्हणाला, “आता बरोबर आहे. पण मग जागा कुठं आहे, तेही खाली लिहायला पाहिजे.” ती ओळ मला अजून लिहिता आलेली नाही. पत्रकाच्या तळाशी तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.

त्याने मात्र आपला वाटा उचलला आहे. पुढील महिन्यापासून शहरातील माध्यमिक शाळांत जाऊन त्या रात्रीची हकिकत स्वतः सांगण्याचे त्याने कबूल केले आहे. मुख्याध्यापकांनी त्याला एक तासिका द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.